ट्रायटन विकत घेताना काय तपासावे?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये एक ट्रायटन, म्हणजे नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवलेली कॅफे रेसर (शर्यतीच्या गाडीच्या धर्तीवर बदललेली मोटारसायकल), घेण्याच्या विचारात आहे. इंजिन १९६१ च्या बोनव्हिल या ट्रायम्फ मॉडेलचे असल्याचे विक्रेते सांगतात. हँडल आणि फूटरेस्ट मला बदलायचे आहेत. व्यवहारापूर्वी काय पाहावे?

उत्तर १ : आधी क्रमांक पाहा. इथे फ्रेम आणि इंजिन वेगवेगळ्या कारखान्यांतले असल्याने त्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळणार नाहीत, परंतु व्ही५सी नोंदणीपत्रातील क्रमांकांशी ते तंतोतंत जुळलेच पाहिजेत. इंजिन क्रमांकात टी१२० हे बोनव्हिलचे मॉडेल-चिन्ह नसेल, तर ते मूळचे बोनव्हिलचे नव्हे. क्रमांकाच्या जागेवर कानशीचे ओरखडे दिसल्यास सरळ परत फिरा.

उत्तर २ : क्रँकशाफ्टच्या आत तेलातला गाळ साचवणारी एक नळी असते, ती शेवटची केव्हा साफ केली हे अवश्य विचारा. माझ्या इंजिनात ती काळ्या, मेणासारख्या घट्ट थराने जवळजवळ बुजली होती. ती पूर्ण बुजली की बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टकडील बेअरिंगला) तेल मिळत नाही, आणि साफसफाईसाठी अख्खे इंजिन उघडावे लागते. त्यामुळे टाकीच्या चकाकीपेक्षा कामाच्या पावत्यांना अधिक महत्त्व द्या.

उत्तर ३ : क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर थेट आवळायचे आखूड हँडल) बसवल्यावर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून अंगठा टाकीत अडकत नाही ना, हे पाहा. फूटरेस्ट मागे नेताना गिअरचा दांडा उलटा फिरवून बसवला, तर गिअरचा क्रमही उलटा होतो. शिवाय व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने आधीच घेऊन ठेवा. मेट्रिक पान्याने नटांचे कोपरे झिजतात.