मदत हवी आहे: लसणाचं बी कधी पेरायचं? लवकर सांगा

जावळीकर: लसणाचं बी पेरायचंय. दांड्यासकट वाळलेला फुलाचा गोंडा घरात आहे, दाणे भरपूर आहेत. बीपासून केलं की प्रत्येक रोप वेगळं निघतं असं वाचलं, मग त्यातनं निवडून स्वतःचं वाण करता येईल ना? आमच्याकडं वर्षानुवर्षं तेच बेणं लावून गड्डा बारीक पडत चाललाय. ऑक्टोबर तोंडावर आलाय, किती खोल पेरू एवढंच सांगा.

मिरजवाला: गादीवाफा करा, १५ बाय १० सेंमीवर पाकळ्या लावा, टोक वर. फुलकिड्यांकडं लक्ष ठेवा.

रानवाटा_वाई: अहो ते पाकळ्यांचं विचारतच नाहीयेत. जावळीकर, गोंडा कुठला? आपल्या लसणाला सहसा दांडा येत नाही. दाणे काळे आहेत का?

जावळीकर: हिमाचलचा, भाऊ मिलिटरीत आहे त्यानं आणला. दाणे जांभळट, ज्वारीपेक्षा थोडे मोठे. पेरू का नको?

रानवाटा_वाई: मग ते बी नव्हेच, गोंड्यातल्या बारक्या कुड्या आहेत. लावा, उगवतील, पहिल्या वर्षी बहुतेक एकच गोल गाठ होईल, पण सगळी झाडं आईची नक्कल, त्यात निवडणार काय? खरं बी काळं, कांद्याच्या बियापेक्षाही बारीक. ह्या कुड्या फुलांचं अन्न खातात म्हणून बी धरायला हवं तर गोंडा उघडला की चिमट्यानं एकेक काढाव्या लागतात, तरी बरेचसे लसूण वांझच. १९८६ साली जपानच्या एतोह यांनी मध्य आशियातनं आणलेल्या लसणात बी धरणारे प्रकार दाखवले, तेव्हा कुठं संकराची वाट उघडली.

तासगाव_सेंद्रिय: एवढं कशाला, ऑनलाइन मिळतं की लसणाचं बी. मी लावलंय, झकास उगवलं.

रानवाटा_वाई: पात चपटी आहे? गड्डा धरला?

तासगाव_सेंद्रिय: गड्डा नाही, पण वास लसणाचाच.

रानवाटा_वाई: मग ती चायनीज लसूणपात, वेगळंच पीक. लोकांना असलं सुचवू नका राव.

कोरेगाव_बागायत: मूळ दुखणं बेण्यातला व्हायरस असणार, पाकळीतनं तो पुढं उतरतच राहतो. खऱ्या बियातनं बहुतेक व्हायरस जात नाहीत, ते बरोबर, पण ते मिळणार कधी? सरळ राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचं भीमा पर्पल नाहीतर राहुरी कृषी विद्यापीठाचं गोदावरी, असं वाण आणा.

जावळीकर: विकतचं वाण विचारलंच नाही मी. मावशीचं रान महाबळेश्वरच्या बाजूला आहे, थंडी चांगली पडते. कुड्या फ्रिजमध्ये ठेवून तिकडं लावल्या तर खऱ्या बियासाठी फुलं येतील?

रानवाटा_वाई: थंडीचं भागेल हो, दिवसाचं काय? दांड्याला थंडीनंतर मोठा दिवस लागतो. हिमाचलात जूनला १४ तासांच्या वर जातो, आपल्याकडं १३च्या आसपास. रात्री लाइट द्यायची तयारी आहे का? आणि त्या दाण्यांचा फोटो टाका आधी, गोंडा फोडून, तळाशी एखादं काळं बी अडकलेलं असेल तर तेवढंच जपून ठेवा.