मदत हवी आहे: पोलो ३० मिमी खाली घ्यायची आहे, स्प्रिंग की कॉईलओव्हर?

मधलाघाट:
गाडी फोक्सवॅगन पोलो १.२ पेट्रोल हायलाइन, २०१४, ९२,००० किमी. शॉकअप कंपनीचेच, अजून बदललेले नाहीत. टायर १८५/६० आर१५. वापर पुणे-सातारा, पावसाळ्यात कोकण. चाक आणि मडगार्डमधली फट डोळ्यात खुपते, वळणावर झोलही जास्त वाटतो. बजेट मजुरीसकट ३५ हजार. समोर तीन पर्याय आहेत: स्प्रिंग कापणे, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी), स्वस्तातले कॉईलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट). काय करावं?

पाना१७:
कापायचं डोक्यातून काढा. समजा स्प्रिंगचे सहा वेढे काम करतात. त्यातला एक कापला की ताठरपणा थेट २० टक्क्यांनी वाढतो आणि जुना शॉकअप तो झटका आवरू शकत नाही. शिवाय स्प्रिंगची मोकळी लांबी घटते. खड्ड्यात चाक लोंबकळलं की स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होते, खाली आदळताना 'टक्' वाजते, कधी खाचेतून फिरून वाकडी बसते. गॅसने तापवून बसवणारे मिस्त्री तर त्याहून वाईट: पोलादाचं पाणीच उतरतं, मग गाडी दर महिन्याला थोडी थोडी बसत जाते, तीही एका बाजूला जास्त.

डॅम्पर_काका:
तुमच्या गाडीत एक मेख आहे. भारतातली पोलो कंपनीने मुळातच युरोपातल्यापेक्षा उंच ठेवलेली आहे. त्यामुळे आयबाख किंवा एच अँड आर या स्प्रिंग कंपन्यांच्या डब्यावर '३० मिमी' लिहिलेलं असतं ते तिकडच्या उंचीवरून. इथे तीच स्प्रिंग ३० पेक्षा बरीच जास्त खाली बसवते. म्हणून विकणाऱ्याला 'किती मिमी' असं विचारू नका. हीच स्प्रिंग बसवलेल्या भारतीय पोलोचं माप मागा. माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं; जमिनीपासून घेतलं तर टायरची हवा आकडा बिघडवते.

दुसरं, डब्यावर व्हीए आणि एचए असे आकडे असतात. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर चालणारा कमाल भार, किलोमध्ये. डिझेलचं इंजिन जड, तिची पुढची स्प्रिंग पेट्रोलला लावली की नाक वर राहतं. स्वस्तात मिळणारे जुने सेट बहुधा याच घोळातले असतात.

लोअर_आर्म:
काकांना +१. पण पैसे आधी शॉकअपवर घाला. ९२ हजारांवर ते थकलेलेच असणार, आणि निम्मा झोल तिथूनच येतो. चार शॉकअप, पुढचे स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकअपची वरची बैठक) व बेअरिंग, नवे बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की आपट झेलणारं रबर). उरलेल्या पैशांत २५-३० मिमीची स्प्रिंग. त्याखाली जायचं तर आखूड रॉडचे शॉकअप हवेत, बिल्स्टाइन बी८ त्याच कामासाठी आहेत, पण ते तुमच्या बजेटमध्ये बसणार नाहीत. साध्या लांबीच्या शॉकअपवर ४०-५० मिमी उतरलात तर पिस्टन कायम खालच्या अर्ध्यात चालतो, बंप स्टॉपवर आपटतो, आणि सील जातं.

आणखी एक: लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) आडवा असतो तिथे थांबा. बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी वळणावर झुकते तो) बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातं. गाडी दिसते खाली, पण वळणावर झुकायचा कल उलट वाढतो.

मधलाघाट:
आणि कॉईलओव्हर? उंची हवी तशी बदलता येते म्हणतात.

पाना१७:
स्वस्तातल्या बऱ्याच सेटमध्ये फक्त स्प्रिंगची वाटी वरखाली होते. जास्त खाली घेतलं तर स्प्रिंग सैल आणि शॉकअपचा प्रवास आखूड. खालचा ब्रॅकेट वेगळ्या आट्यांवर फिरणारा असेल तर प्रवास शाबूत राहतो. कोकणातल्या एका पावसाळ्यात आटे चिखल-गंजाने जाम होतात, मग ती 'बदलता येणारी' उंची कायमची. या बजेटला नकोच.

डॅम्पर_काका:
फिटिंगला समोर उभे राहा. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पक्के आवळायचे. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागची स्प्रिंग काढताना बीम खाली सोडतात, तेव्हा ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना बघा. शॉकअपचा वरचा नट हवेच्या गनने काढू-लावू देऊ नका. रॉड फिरतो, आतलं सील खरवडतं. निघालेले नट-बोल्ट परत वापरायचे नाहीत. स्प्रिंग बसायला साधारण ५०० किमी द्या, मग अलाइनमेंट. पुढचा टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कल) सेट होतो, मागच्या बीमला अ‍ॅडजस्टमेंट नाही. हेडलाइटही पुन्हा लावून घ्या.

मधलाघाट:
स्पीडब्रेकरला घासेल का? क्लिअरन्स १६५ मिमी आहे.

लोअर_आर्म:
नियमातल्या ब्रेकरला नाही. तो १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा. पोलोचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४५६ मीटर, म्हणजे चारही चाकं एकदम त्यावर मावतात आणि पोटाखाली जेमतेम साडेचार सेंमी चढ येतो. घासतो तो सोसायटीने डांबर ओतून केलेला हातभर रुंदीचा उंचवटा. १६५ मधून ३० गेले, चार माणसं आणि सामान भरलं की आणखी ३०-३५. उरले शंभर. तिरकी घ्या.

कायद्याचंही बघा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. म्हणून गाडी पुन्हा मूळ अवस्थेत आणता यावी यासाठी जुन्या स्प्रिंगा भंगारात देऊ नका.

पाना१७:
नुसती फटच खुपत असेल तर टायर बदलायची वेळ आली की १९५/६० आर१५ लावून बघा. त्रिज्या ६ मिमीने वाढते. फट तेवढी भरते आणि क्लिअरन्स उलट ६ मिमी वाढतो. स्पीडोमीटर सुमारे २ टक्के कमी दाखवेल. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतल्या लायनरला घासत नाही ना बघा, आणि स्प्रिंग त्यानंतर ठरवा.