मुखवट्यामागे दुसराच माणूस : एमएफ डूमनं श्रोत्यांना फसवलं का?

रानवारा

एमएफ डूम या रॅपरवर माझा जीव आहे, हे आधीच सांगते. पुढचं वाचून कुणी मला त्याच्या विरोधकांत बसवू नये. पण त्याच्या एका गोष्टीवर आम्ही चाहते जे पांघरूण घालतो ते मला सहन होत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी त्याला ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. खरं नाव डॅनियल डूमिले. जन्म १९७१, लंडन. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. तो अगदी लहान असताना घर अमेरिकेत गेलं आणि तो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढला. धाकट्या भावाबरोबर, म्हणजे डीजे सबरॉकबरोबर, त्यानं केएमडी हा गट काढला. तेव्हा तो 'झेव्ह लव्ह एक्स' या नावानं उघड्या चेहऱ्यानं गायचा. १९९१ मध्ये पहिला अल्बम आला. दुसरा होत आला होता, तेवढ्यात १९९३ च्या एप्रिलमध्ये सबरॉक रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. थोरल्यानं एकट्यानं अल्बम पुरा केला. त्याच्या मुखपृष्ठावर साम्बोला, म्हणजे काळ्या माणसांची टवाळी करणाऱ्या जुन्या व्यंगचित्रातल्या बाहुल्याला, फाशी दिलेलं दाखवलं होतं. त्या चित्रावरून वाद पेटला आणि १९९४ मध्ये कंपनीनं अल्बम काढायलाच नकार दिला. भाऊ गेला, काम गेलं, करारही गेला. त्यानंतरच्या दिवसांत आपण जवळजवळ बेघर होतो, मॅनहॅटनमध्ये बाकांवर झोपायचो, असं त्यानंच पुढे सांगितलंय.

काही वर्षांनी मॅनहॅटनच्याच न्यूयोरिकन पोएट्स कॅफेमध्ये, जिथे कुणीही उठून माइक घ्यावा अशा रात्री असायच्या, तिथे तो परत उभा राहिला. या वेळी तोंडावर बायकांचा पातळ पायमोजा ओढलेला होता. त्या मोज्याचा पुढे धातूचा मुखवटा झाला, मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या खलनायकासारखा. १९९९ मध्ये 'ऑपरेशन: डूम्सडे' हा अल्बम आला. २००४ मध्ये मॅडलिब या संगीतकाराबरोबरचा 'मॅडव्हिलनी' आणि त्याच वर्षी 'एमएम..फूड'. इतकं काम बरेच जण आयुष्यभरात करत नाहीत.

मुखवटा कशासाठी? त्याचं म्हणणं साधं होतं. रॅपमध्ये माणूस दिसतो कसा, गळ्यात काय घालतो, गाडी कुठली, यालाच भाव आला होता. चेहरा बाजूला ठेवा आणि शब्द ऐका, एवढंच तो सांगत होता.

आता माझी तक्रार. २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही कार्यक्रमांत मुखवटा घालून आलेला माणूस डूम नव्हताच, असं लोकांच्या ध्यानात आलं. अंगकाठी वेगळी, आणि मागे मुद्रित आवाज वाजतोय त्यावर नुसती तोंडाची हालचाल. लोक चिडले, ओरडले. २००९ मध्ये एका मुलाखतीत हा विषय निघाला तेव्हा त्याचं उत्तर असं होतं की मी या पात्राचा लेखक आहे, दिग्दर्शक आहे, ते कुणी वठवायचं हे मी ठरवीन.

मला हे पटत नाही. चेहरा झाकला तो आवाज पुढे यावा म्हणून. तोतया पाठवला तेव्हा आवाजही काढून घेतला. मग लोकांसमोर उरलं काय? नुसता मुखवटा, म्हणजे नुसतं दिसणं. ज्याच्याविरुद्ध तो उभा राहिला होता तेच त्यानं तिकीट लावून विकलं.

बाराखडी

असहमत, आणि ठामपणे असहमत.

रानवाराताई, 'तोतया' हा शब्दच इथे लागू नाही. तोतया मूळ माणसाच्या नकळत उभा राहतो. इथे मूळ माणसानंच पाठवलाय. फार तर मुखत्यार म्हणा.

आणि 'आवाज म्हणजेच डूम' हा नियम तुम्ही केलात, त्यानं नाही. २००३ मध्ये त्यानं किंग गीडोरा या नावानं 'टेक मी टू युवर लीडर' काढला. किंग गीडोरा म्हणजे तीन डोक्यांचा अवकाशातला राक्षस. त्या अल्बमवर तो स्वतः फार थोडा गातो. संगीत त्याचं, पण बहुतेक गाणी इतरांच्या तोंडी. त्याच वर्षी व्हिक्टर व्हॉन या नावानं दुसरा अल्बम. व्हॉन हा वेगळा पोरगा, तापट, तोंडाळ, डूमपेक्षा तरुण. मग 'मॅडव्हिलनी'वरचं 'फॅन्सी क्लाउन' ऐका. व्हिक्टर व्हॉन आपल्या मैत्रिणीवर भडकलाय, कारण ती त्याला फसवून दुसऱ्याबरोबर फिरते. तो दुसरा कोण? एमएफ डूम. दोघेही एकच माणूस! स्वतःच्याच दुसऱ्या सोंगावर जळणारा माणूस त्यानं दोनेक मिनिटांत उभा केला. असा कलावंत एक दिवस शरीरही दुसऱ्याचं वापरणार, हे त्याच्या कामातच दिसत होतं.

आपल्याकडे जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. देवाचा मुखवटा चढला की लोक मुखवट्याच्या पाया पडतात. आत कुणाचा मुलगा आहे हे कुणी विचारत नाही.

गिरगावची गच्ची

बोहाड्यात आत कोण नाचतोय हे सगळ्या गावाला ठाऊक असतं की! नाचणाराही तिथलाच, बघणारेही तिथलेच. डूमच्या कार्यक्रमाला आलेल्या पोरानं पगारातून पैसे बाजूला काढून तिकीट घेतलं होतं, आणि त्या तिकिटावर एका माणसाचं नाव होतं.

मी एकदा असाच बसलोय. नाव घेत नाही. ज्यांच्यासाठी दोन गाड्या बदलून गेलो होतो ते बुवा आलेच नाहीत, त्यांचे शिष्य गायले. शिष्य वाईट नव्हते. पडदा उघडायच्या आधी एक वाक्य सांगितलं असतं तर मी आनंदानं बसलो असतो. मध्यंतरापर्यंत कुणी काही बोललं नाही, ते लागलं. रानवारा यांच्या मुद्द्याला माझं +१. कलेचं तत्त्वज्ञान नंतर, आधी सांगायचं.

ठेका चुकला

मला मूळ माणसाचंच एवढं कौतुक का, ते कळत नाही. इथे मुखत्याराची चर्चा चाललीय, पण अस्सल डूम तरी काय करतो? एकाच सुरात, घशात घोळवत, झोपेतून उठल्यासारखं बोलतो. 'मॅडव्हिलनी'वर २२ तुकडे आहेत आणि अल्बम पाऊण तासात संपतो. ध्रुवपद जवळपास नाहीच. गाणं अंगात भिनायला लागलं की तो दार लावून घेतो. मला रॅपमध्ये छातीतून आलेला आवाज हवा असतो, राग हवा, रडू हवं. इथे नुसती शब्दांची कोडी. कोडी सोडवायला मजा येते, पण रात्री एकटं असताना कुणी शब्दकोडं कवटाळून बसत नाही.

अक्षरगण

ठेका चुकला, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण वर्षभरापूर्वी मीही हेच म्हणायचो.

'फिगारो' नावाच्या गाण्यातल्या फक्त दोन ओळी घ्या. पूर्ण देत नाही, यमकांच्या जोड्या देतो. 'रेस्ट इज एम्प्टी' ला 'बेस्ट एमसी', 'नो ब्रेन' ला 'नो चेन', आणि शेवटी 'क्लेव्हर नर्ड' ला 'एव्हर हर्ड'. बहुतेक रॅपर ओळीच्या शेवटी एक यमक जुळवून पुढे जातात. इथे पहिली ओळ जवळजवळ अख्खी दुसऱ्या ओळीवर बसते, पारदर्शक कागदावर नक्षी गिरवावी तशी. आणि त्यात अर्थही चालू आहे: गळ्यात साखळी नसलेला सगळ्यांत भारी एमसी, म्हणजे रॅपर. म्हणजे रानवारा म्हणतात तो मुखवट्यामागचा सगळा विचार त्यानं अर्ध्या ओळीत सांगितला. आता हे तो ओरडून म्हणाला असता तर? यमकाचा ठोका कानावर आदळला असता आणि मजा गेली असती. तो सपाट आवाजात, ठेक्याच्या किंचित मागे राहून म्हणतो, म्हणून जुळणी आधी जाणवत नाही. ओळ संपल्यावर मागे वळून बघावं लागतं. तो संथ सूर कमकुवतपणा नाही, ती त्याची बैठक आहे.

ध्रुवपद नसण्याचं म्हणाल तर 'मॅडव्हिलनी'चे ठेके कसे झाले ते बघा. मॅडलिब २००२ मध्ये ब्राझीलला गेला होता. तिथे रस्त्यावरच्या दुकानांतून जुन्या तबकड्या घ्यायच्या आणि हॉटेलच्या खोलीत एक लहान सॅम्पलर (तबकडीतले तुकडे उचलून जोडायचं यंत्र) आणि हातात उचलून नेता येणारा रेकॉर्ड प्लेअर घेऊन बसायचं. त्यातले बरेच ठेके असे जन्मले. त्यांत धूळ आहे, खरखर आहे, तुकडा जिथे तुटतो तिथेच तो सोडलाय. (याच मॅडलिबनं २००७ मध्ये भारतीय सिनेसंगीताच्या तबकड्या कापून अख्खा अल्बम केला. आपल्या लोकांनी तो ऐकायलाच हवा.) अशा तुकड्यांवर ध्रुवपदाचा मांडव घालायला गेलं तर ते गुदमरतील.

आणि भावना. 'ऑपरेशन: डूम्सडे'मधलं 'डूम्सडे' हे गाणं ऐकलंय? शादे या गायिकेच्या गाण्यातला मऊ तुकडा मागे फिरतोय आणि हा ध्रुवपदात (हो, इथे ध्रुवपद आहे) म्हणतो की माझा भाऊ गेला तिथे मी परत जाईपर्यंत हे असंच चालणार. पुढे स्वतःच्या थडग्याबद्दल बोलतो. त्यावर सरकारदरबारी असलेलं नाव कोरलेलं असेल, नाहीतर काहीच नसेल, कोण सांगणार. आवाज जरासुद्धा हलत नाही. सबरॉक जाऊन सहा वर्षं झाली होती. हे ऐकून तुम्हाला रडू हवं असेल तर ते तुमचं तुम्हाला रडायचंय, तो तुमच्यासाठी रडत नाही. मी रात्री एकटा असताना नेमकं हेच गाणं लावतो.

अवांतर: आपलं नाव इंग्रजीत सगळं मोठ्या अक्षरांतच लिहावं असा त्याचा आग्रह होता, त्यावर त्याचं गाणंही आहे. देवनागरीत तो पाळता येत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

ठेका चुकला

'डूम्सडे' ऐकलं, तीनदा. ते गाणं तुम्हाला दिलं. बाकी 'मॅडव्हिलनी'बद्दल माझं मत बदललेलं नाही. पण यमकांच्या जोड्या मांडल्यात त्याबद्दल आभार, या नजरेनं कधी बघितलं नव्हतं.

रानवारा

अक्षरगण, फार सुंदर लिहिलंत. आणि तुमच्या प्रतिसादामुळेच माझा मुद्दा जास्त पक्का झाला.

'मॅडव्हिलनी'चा कच्चा मसुदा प्रकाशनाच्या वर्षभराहून अधिक आधी बाहेर फुटला होता. इंटरनेटवर सगळीकडे फिरत होता. दोघांनी वैतागून ते काम काही काळ बाजूला ठेवलं. परत हाती घेतलं तेव्हा डूमनं आपले भाग पुन्हा म्हटले, आधीच्यापेक्षा खालच्या, संथ आवाजात. दोन्ही ऐकून बघा. पहिल्यात उत्साह आहे, थोडी घाई आहे. दुसऱ्यात तो मागे रेलून बसलाय. शब्द बहुतेक तेच, पण माणूस बदललाय. अक्षरगण ज्या 'बैठकी'बद्दल बोलतात ती त्यानं अशी शोधली.

बाराखडी, आता मला सांगा. ज्या माणसाला स्वतःच्या आवाजातला हा एवढासा फरक इतका मोलाचा वाटला, त्यानं लोकांपुढे आवाजच नसलेला माणूस उभा करावा? हे मी प्रेक्षकांच्या बाजूनं कमी आणि त्याच्या कारागिरीच्या बाजूनं जास्त विचारतेय. किंग गीडोराच्या अल्बमवर दुसरे गायले, पण ते स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावानं गायले. ओठ हलवणं म्हणजे गाणं नव्हे.

बाराखडी

तुमचाच दाखला मी उलटा वाचतो. इतका खपून जो आवाज त्यानं सापडवला, तोच आवाज त्या कार्यक्रमांत वाजत होता. प्रेक्षकांना डूमचा सर्वांत चांगला आवाज मिळाला, फक्त घाम दुसऱ्याचा होता.

गिरगावची गच्ची यांचं तिकिटाचं म्हणणं मात्र मी मान्य करतो. पैसे परत द्यायला हवे होते. पण ती हिशेबातली चूक झाली, कलेतली नव्हे.

आणखी एक बाजू कुणी काढली नाही. २०१० मध्ये तो युरोपचा दौरा करून परतला आणि अमेरिकेनं त्याला आत घेतलं नाही. लहानपणापासून तिथे वाढला, पण नागरिकत्व कधी झालंच नव्हतं. बायको-मुलं तिकडे, हा लंडनला. २०१२ चा 'की टू द कफ्स' हा अल्बम तिथलाच आहे, त्यात ही परवड ऐकू येते. पुढे तो इंग्लंडमध्येच राहिला आणि ३१ ऑक्टोबर २०२० ला तिथेच गेला, वय ४९. जगाला कळलं ते दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, घरच्यांनी सांगितलं तेव्हा. ज्या देशानं त्याला घडवलं तिथे शेवटची दहा वर्षं त्याचा आवाज होता आणि शरीर नव्हतं. मुखवट्याआड दुसरा माणूस उभा राहिला याचा राग मला म्हणूनच येत नाही. माणूस नाही आणि आवाज आहे, हे त्याच्या वाट्याला असंही येणारच होतं.

गिरगावची गच्ची

बाराखडी, हे वाचून गलबललो. पण २०१० ला सरकारनं अडवलं म्हणून २००७ ची गोष्ट माफ होत नाही. तेव्हा तो येऊ शकत होता.

रानवारा

हेच लिहायला आले होते.

बाराखडी, दौऱ्याचं आणि घराचं जे लिहिलंत त्यानं मलाही वाईट वाटलं, आणि तुम्ही त्याला माझ्याइतकंच जीव लावून ऐकता हेही दिसलं. पण कालपासून माझ्या डोक्यात एकच चित्र आहे. समजा त्या कार्यक्रमांपैकी एकात 'डूम्सडे' लागलं असेल. मागे तो शादेचा तुकडा, समोर काही शे पोरं, आणि भाऊ गेला तिथे मी परत जाईपर्यंत ही ओळ आली. मुखवट्याआड ओठ हलवणाऱ्या माणसाचा भाऊ कदाचित घरी जेवत असेल. ती ओळ म्हणायचा हक्क जगात एकाच माणसाला होता, आणि त्यानं ती दुसऱ्याला भाड्यानं दिली. मला तेवढं एक सोसत नाही.