अग्निवीराचे ९ हजार कापतात ते बरंच करतात

खडकीकर मामा
भाचा अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात भरती झालाय. ट्रेनिंग संपवून परवा रजेवर आला. मोबाईलवर पगार दाखवला: ३०,०००, त्यातले ९,००० कापून हातात २१,०००. बहिणीचा चेहराच पडला. माझं मत उलट आहे. अठराव्या वर्षी पूर्ण ३० हातात आले असते तर आज दारात बुलेट आणि डोक्यावर हप्ता असता. दुसऱ्या वर्षी ३३,०००, मग ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००. दर वेळी ३० टक्के सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी बाहेर पडताना एकरकमी मिळणाऱ्या पैशात. त्याचे ५.०२ लाख, तेवढेच सरकारचे, व्याज धरून सुमारे ११.७१ लाख, तेही करमुक्त. राहणं, जेवण, वर्दी सरकारी. आमचा थोरला चाकणला कंत्राटावर आहे. खोलीभाडं आणि खानावळ भागवली की महिनाअखेर माझ्याकडेच हात पसरतो.

माजी हवालदार, दिघी
मामा, नुसता हातात पडणारा आकडा बघू नका. पूर्वीसारखा भरती झालेल्या शिपायाचं मूळ वेतनच २१,७००, त्यावर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता. अग्निवीराला यातलं काहीच नाही. उंचावर, दहशतवादी भागात पोस्टिंग झालं तर जोखमीचा भत्ता मिळतो. मी १७ वर्षांनी बाहेर पडलो, आज घर पेन्शनवर चालतंय. तुमच्या भाच्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. ११ लाखांत आमच्या दिघीत वन रूम किचन तरी दाखवा!

कोथरूडची काकू
एनडीएत सैन्यातले अधिकारी व्हायला शिकणाऱ्या पोरांना तीन वर्षं स्टायपेंडही नसतो, ती करतात का तक्रार?

माजी हवालदार, दिघी
काकू, ती पोरं पुढे लेफ्टनंट होतात. चार वर्षांनी घरी नाही पाठवत त्यांना.

खडकीकर मामा
सगळ्यांनाच कुठे पाठवतात? २५ टक्क्यांपर्यंत पोरं सैन्यात कायम होतात. शिवाय ४८ लाखांचा विमा आहे, हप्ता न भरता.

भरतीवाला पोरगा
मामा, यातली एक गोम कोणी सांगत नाही. जो कायम होतो त्याला सेवा निधीतला फक्त स्वतःचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज मिळतं, सरकारचा नाही. स्वतःहून मध्येच सोडलं तरी तेच. म्हणजे ११.७१ लाख पूर्ण चार वर्षं काढून बाहेर पडणाऱ्याचे. तरी मी पहाटे पाचला ग्राउंडवर असतो. गावाकडे दोन एकर, त्यात तीन भाऊ.

माजी हवालदार, दिघी
पळ बाबा. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत बसव. पगाराचं भांडण आम्ही म्हातारे करतो.

खडकीकर मामा
कायम झाल्यावर सरकारचा हिस्सा मिळत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. भाच्याने कॅन्टीनमधून आणलेला पाच लिटरचा कुकर ती सध्या गल्लीभर दाखवत फिरतेय.