आजीच्या गोधडीला भोकं पडतायत, रविवारच्या आत सांगा

पांझराकाठ
अमळनेरला माहेरी आलेय. आजीची गोधडी काढली तर जागोजागी भोकं! रविवारी निघायचंय, त्याआधी नीट बांधून ठेवायची आहे. ड्रायक्लीनला देऊ की डांबराच्या गोळ्या टाकून ठेवू? प्लीज लवकर सांगा.

तापीचा_पोरगा
गोळ्या टाका. आमच्या घरी वर्षानुवर्षं टाकतो, एकाही कपड्याला कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागली नाही.

जुनी_सुई
थांबा. कापड सुती की रेशमी? ठेवली कशात होती? भोकं सगळीकडे आहेत की ठरावीक ठिकाणीच? हे कळल्याशिवाय काहीच करू नका. ड्रायक्लीन तर नकोच. जीर्ण कापड त्या यंत्रात टिकत नाही.

धुळेकर
एवढा विचार कशाला? गच्चीवर टाका, खानदेशातल्या उन्हात कोणती कीड राहते? आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सगळ्या गोधड्या बाहेर निघतात.

जुनी_सुई
रोज पांघरायच्या गोधडीला ऊन द्या, हरकत नाही. पण जुन्या सुताला मे महिन्याचं ऊन नको. रंग उडतो, धागा कुसका होतो. सावलीत, वाऱ्यावर, बाजेवर पसरा.

धुळेकर
आमच्या आज्या काय वेड्या होत्या का?

जुनी_सुई
मुळीच नाही. त्या गोधडी वापरत होत्या, फाटली की वरून नवं लुगडं लावत होत्या. इथे जपायची आहे.

भो_चाळीसगाव
भाऊ, आमनाकडे बी आजीनी अशीच गोधडी शे. निंबाचा वाळलेला पाला घालतो आम्ही. पण कडक वाळलेला हवा, ओला राहिला तर डाग पडतात.

पांझराकाठ
भाऊ नाही, ताई 🙂 सांगते. सगळं सुती आहे, आजीची जुनी लुगडी. मधे तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा चौकोन आहे. एका कोपऱ्यात आजोबांच्या सदऱ्याचा तुकडा, त्यावर काज अजून तसंच, भोवती बारीक टाके. लोखंडी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत होती, माळ्यावर. आणि हो, आता नीट बघितलं, भोकं फक्त काळ्या पट्ट्यांवर आहेत! शेजारचं हिरवं धड आहे.

जुनी_सुई
हेच विचारत होते. मग ही कसर नसावी. कसर खळीच्या मागे असते, ती रंग निवडून खात नाही. पूर्वी काळा रंग पुष्कळदा लोखंडाच्या क्षारावर धरायचे. तो लोहाचा अंश वर्षानुवर्षं सुताला आतून खातो, बोट लावलं तरी भुगा होतो. ओलावा मिळाला की आणखी वेगाने. प्लास्टिकमध्ये पावसाळ्याची दमट हवा कोंडली असणार. गोळ्यांनी यातलं काही थांबणार नाही, उलट कापडाला लागल्या तर डाग पडतात आणि वास जात नाही.

तापीचा_पोरगा
आमच्या कपड्यांना डाग पडले नाहीत.

गिरणामाय
अस्तर मांजरपाटाचं आहे का हो? अमळनेरचं म्हणजे प्रताप मिलचं असेल कदाचित. माझे आजोबा तिथे साच्यावर, म्हणजे मागावर, होते. सुताचा वास अंगाला घेऊनच घरी यायचे.

नंदुरबारी
नवीन गोधडी हवी असेल तर आमच्या गावात बायका हाताने शिवून देतात. दोन लुगडी दिली की पुरे.

पांझराकाठ
नवीन नकोय, हीच वाचवायचीय. गिरणामाय, अस्तर पांढरं जाड आहे, शिक्का नाही दिसला. जुनी_सुई, मग करू काय? दोनच दिवस आहेत.

जुनी_सुई
धुऊ नका. काळ्या पट्ट्यांवर पातळ जाळीचं कापड ठेवा आणि ते शेजारच्या धड कापडावर, पट्टीच्या बाहेरून, सैल टाक्यांनी धरा. काळ्यात सुई घालू नका. मग खळ काढून धुतलेल्या पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळा. घडी घालूच नका, जुन्या लुगड्याचा जाड रोल करून त्यावर गोधडी गुंडाळा. घडीच्या रेघेवरच कापड आधी तुटतं. पेटीला गंज आहे का? असेल तर पेटीत नको, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको. पावसाळा सरला की उघडून सावलीत वारा द्या.

धुळेकर
ताई, रोल करायला लुगडं हवं असेल तर माझ्या बहिणीचं घर अमळनेरलाच आहे, तिच्याकडे जुनी आहेत. सांगा, तिला विचारतो.

पांझराकाठ
पेटीच्या तळाला गंज आहे! आजच बाहेर काढते. धुळेकर दादा, लुगडं आईकडेच निघालं, आभार. जाळी बाजारात मच्छरदाणीची मिळाली तर चालेल ना, जुनी_सुई?

जुनी_सुई
जाड असते ती. ओढणीचं पातळ नेट मागा, पांढरं.