आरटीई: पडताळणीत शिक्का मिळाला, पोर्टलवर मात्र ‘पालक आले नाहीत’. दाद कुठे मागायची?

पिहूची आई

नमस्कार. माझी मुलगी यंदा पहिलीला. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांच्या सोडतीत तिचा नंबर लागला. घरापासून एक किलोमीटरच्या आतली शाळा आहे, चालत जाता येईल अशी. आम्ही भाड्याने राहतो. मिस्टर टेम्पो चालवतात, मी शिवणकाम करते.

तहसीलदारांचा एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, नोंदणी केलेला आणि अर्जाच्या आधीच्या तारखेचा भाडेकरार, जन्मदाखला असं सगळं मूळ घेऊन मी मुदतीच्या आत पंचायत समितीत गेले. पडताळणी समितीतल्या मॅडमनी एकेक कागद बघितला, झेरॉक्सचा संच ठेवून घेतला, रजिस्टरला माझी सही घेतली आणि अलॉटमेंट लेटरवर ‘कागदपत्रे योग्य’ असं लिहून सही-शिक्का दिला. आता शाळेत जा म्हणाल्या.

शाळेत गेले तर त्यांच्या यादीत पिहूचं नावच येत नाही. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकला तर पालक हजर राहिले नाहीत अशी नोंद. परत पंचायत समितीत. तिथला ऑपरेटर म्हणतो, एंट्री राहून गेली असेल, पण मुदत संपली, लॉगिन बंद झालं, पुढच्या वर्षी भरा. पुढच्या वर्षी ती वयाच्या कमाल मर्यादेत बसत नाही. मुख्याध्यापिका म्हणतात आमच्या हातात काही नाही. तिकडे प्रतीक्षा यादीतल्यांना मेसेज जायला लागलेत.

मला कुणाची दया नकोय. मी गेले होते, सही आहे, शिक्का आहे. हे कुणापुढे आणि कसं मांडायचं तेवढं सांगा.

लाल फुगा

ताई, आमचं अर्जातल्या नकाशावर घराची जागा दाखवणाऱ्या लाल फुग्यावरून झालं होतं. घराचं ठिकाण बरोबर होतं, तरी चुकीचं ठरवून प्रवेश नाकारला. सगळे तोंडीच सांगायचे आणि प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर. लेखी अर्ज दिला तेव्हा कुठे फाइल हलली. सगळ्यात आधी पोर्टलवरच्या त्या नोंदीचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढा आणि प्रिंट घ्या. शिक्क्याच्या कागदाच्या झेरॉक्स काढा. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका, बघायला मागितला तर समोर उभं राहून दाखवा आणि परत घ्या.

निवृत्त विस्तार अधिकारी (शिक्षण)

ताई, अशा समितीवर मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या खोलीत काय होतं ते आधी समजून घ्या. एक जण कागद तपासतो, दुसरा संगणकावर नोंद करतो. शेवटच्या दिवसांत गर्दी वाढते, सर्व्हर अडकतो, मग ‘कागद ठेवा, संध्याकाळी भरू’ असं सुरू होतं. त्या गठ्ठ्यातला एखादा संच भरायचा राहिला की तुमच्यासारखं होतं. तुमचा संच तिथेच कुठेतरी फाइलला लागलेला असणार, रजिस्टरला तुमची सही असणार. म्हणजे तुमचा पुरावा त्यांच्याच कपाटात आहे. सोडतीत नाव लागलेलं मूल असं बाहेर राहतं हे मला नोकरीत असतानाही सहन होत नसे, आजही होत नाही.

आता अर्ज. बहुतेक पालक इथेच चुकतात. ‘प्रवेश मिळणेबाबत विनंती’ असा विषय लिहितात आणि मग गरिबी, आजारपण, मुलीचं रडणं. तो अर्ज वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी सवलत मागतंय, आणि सवलत नाकारणं फार सोपं असतं. तुम्ही विषय लिहा: ‘पडताळणीची पोर्टलवरील चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत’. प्रवेश तुम्हाला सोडतीने मिळालाच आहे. कार्यालयाकडून चुकलेली नोंद कार्यालयाने सुधारायची, एवढंच तुमचं मागणं आहे.

मजकूर एका पानात बसवा. कधी हजर राहिलात, कुणी तपासलं (नाव माहीत नसेल तर पद), कशावर सही-शिक्का मिळाला, पोर्टल काय दाखवतंय. मग तीन गोष्टी स्पष्ट मागा: हजेरी रजिस्टर आणि तुमचा संच तपासून नोंद दुरुस्त करावी, निर्णय होईपर्यंत त्या शाळेतली ही जागा प्रतीक्षा यादीतून भरू नये, आणि निर्णय लेखी कळवावा. दुसरी मागणी विसरलात तर पहिली मान्य होऊनही जागा गेलेली असेल.

अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने. त्याच दिवशी एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना, एक पुण्याच्या प्राथमिक शिक्षण संचालनालयाला. लॉगिन तालुक्याच्या हातात नाही हे तो ऑपरेटर कदाचित खरंच सांगत असेल, पण ते उघडून द्या असं वर लिहिणं हे गटशिक्षणाधिकाऱ्यांचं काम आहे, आणि तुमचा अर्ज म्हणजे त्यांना तसं लिहायला मिळालेलं कारण. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या. कारकून पोच द्यायला टाळाटाळ करत असेल तर वाद घालत बसू नका, तिथूनच पोस्टात जा आणि स्पीड पोस्टने पाठवा.

जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागा काय, तर त्या तारखेच्या हजेरी रजिस्टरच्या पानाची प्रत आणि तुमच्या अर्ज क्रमांकावर कधी व कोणत्या लॉगिनवरून कोणती नोंद झाली त्याचा तपशील. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून त्यावर थांबून राहू नका. पण तो अर्ज आवक झाला की रजिस्टर जपून ठेवलं जातं, एवढा उपयोग लगेच होतो.

तालुका कोर्टातला वकील

वरच्या सरांनी मुख्य ते सांगितलंय. कायद्याची बाजू जोडतो.

शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 32. मुलाच्या हक्काबद्दल तक्रार असेल तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यायची, तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेकडे. म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय देणं बंधनकारक आहे. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. म्हणून अर्जात कलम 32 चा उल्लेख करा, म्हणजे तो साधा अर्ज राहत नाही, तक्रार होते.

पण पहिलीच्या प्रवेशात तीन महिने म्हणजे अर्धं सत्र गेलं. आठ-दहा दिवसांत हालचाल दिसली नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा विचार करा. खर्चाचं दडपण घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा, उच्च न्यायालयासाठी तिथली वेगळी समिती असते.

‘मुदत संपली’ हा शेवटचा शब्द नसतो. 2024 मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना पंचवीस टक्क्यांतून सूट देणारी अधिसूचना निघाली होती. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि राज्यभर अर्ज नव्याने भरून घेतले गेले. पोर्टल पुन्हा उघडता येतं हे सगळ्यांनी पाहिलंय. जुलैत ती अधिसूचनाच रद्द झाली.

आणखी एक. कृष्णा श्रद्धा प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराचा काही दोष नसताना प्रवेश नाकारला गेला असेल आणि तो वेळ न दवडता कोर्टात आला असेल, तर अपवादात्मक स्थितीत जागा वाढवूनही प्रवेश देता येतो. ते एमबीबीएसचं प्रकरण होतं, पहिलीला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण ‘दोष नाही’ आणि ‘उशीर केला नाही’ या दोन गोष्टी कोणतंही कोर्ट आधी बघतं. पहिली तुमच्या शिक्क्यात आहे. दुसरी तुमच्या हातात आहे, म्हणून अर्ज उद्याच द्या.

पिहूची आई

सगळ्यांचे आभार. अर्ज दिला. गटशिक्षणाधिकारी स्वतः भेटले, रजिस्टर मागवलं, माझी सही निघाली. कार्यालयाकडून नोंद राहिली असं पत्र त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवलंय, त्याची प्रत मला दिली. पुढचं उत्तर अजून आलेलं नाही.

दोन शंका आहेत. प्रतीक्षा यादीतून एका मुलाला त्या शाळेत बोलावलंय असं ऐकते. त्याच्या आईवडिलांचंही माझ्यासारखंच असणार. माझ्यामुळे त्याचा प्रवेश जाणार असेल तर मला ते नकोय. आणि शाळा सुरू होतेय, तोवर पिहूला जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवलं तर माझा दावा संपतो का?

निवृत्त विस्तार अधिकारी (शिक्षण)

गटशिक्षणाधिकाऱ्यांनी चूक लेखी मान्य केली, तुमचं अर्धं काम झालं. ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

त्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. शिक्षणाधिकाऱ्यांना आजच एक पुरवणी अर्ज द्या आणि त्यात हेच लिहा: ‘प्रतीक्षा यादीतील बालकाचा प्रवेश कायम ठेवून माझ्या मुलीस त्याच शाळेत सामावून घ्यावे.’ चूक त्या मुलाचीही नाही. अशी मागणी असली की अधिकाऱ्यालाही वर प्रस्ताव पाठवणं सोपं जातं, कारण कुणाचा प्रवेश काढून घ्यायचा प्रश्नच उरत नाही. शाळेने नाही म्हटलं तर तेही लेखी मागा.

पिहूला घरी बसवू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला, मात्र मुख्याध्यापकांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना दोन ओळी लिहून द्या की आरटीई प्रवेशाची तक्रार प्रलंबित आहे आणि तो हक्क राखून हा प्रवेश घेत आहोत. निर्णय तुमच्या बाजूने आला की दाखला लगेच मागा, शाळेने तो अडवून धरायचा नसतो.

आठवडाभरात उत्तर नाही आलं तर वकीलसाहेबांनी सांगितलेल्या विधी सेवा समितीत जा. जाताना पोच, शिक्क्याचं पत्र, पोर्टलची प्रिंट आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्राची प्रत एवढं न्या. काय झालं ते इथे लिहा.