अकूस्टिक कॅमेऱ्यात पत्र्याच्या भिंतीवर गळती दिसते, पण तिथे पाइपच नाही

प्रेसशॉप_मेंटेनन्स
मंडळी, कॉम्प्रेस्ड हवेची गळती शोधायला ६४ माइकचा हातातला अकूस्टिक कॅमेरा (आवाज कुठून येतो ते चित्रावर रंगाच्या डागाने दाखवणारा) वापरतोय. लाइनचं प्रेशर ६.५ बार. अडचणी तीन: भिंतीवर डाग उठतो पण तिथे पाइप नाही, मुख्य डागाभोवती बारके डाग नाचतात, आणि एकाच कपलिंगची गळती कधी ४ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) तर कधी ९ दाखवते. सेटिंग असं: बँड (ऐकायच्या फ्रीक्वेन्सीचा पट्टा) २ ते ५० किलोहर्ट्झ, डायनॅमिक रेंज (सर्वात मोठ्या आवाजापेक्षा किती डेसिबल खालपर्यंतचे आवाज दाखवायचे) ऑटो, अंतर ५ मीटर. काय बदलू?

हवा_आणि_वीज
आधी बँड आवळा. स्क्रीनखालच्या आलेखात बघा, मोटर, पंखे, प्रेसचा ठोका यांची गर्दी बहुतेक १० किलोहर्ट्झच्या खाली असते. गळतीची फुसफुस मात्र त्याच्या बरीच वरपर्यंत पसरलेली असते. खालची कड २० वर आणि वरची ४० वर आणा.

डागाचा आकारही यावरच ठरतो. ५ किलोहर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ७ सेंटीमीटर, ३० ची जेमतेम ११ मिलीमीटर. माइकची तबकडी १५ सेंटीमीटरची धरली, तर ३ मीटरवरून ५ किलोहर्ट्झचा डाग सव्वा-दीड मीटर पसरतो. ३० वर तोच २०-२५ सेंटीमीटरवर येतो. तरीही गळती कपलिंगची की शेजारच्या एफआरएलची (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) हे कळायला १ मीटरवर जावंच लागतं.

एक लक्षात ठेवा, ब्लो गन आणि वेल्डिंगचा आर्कही २० च्या वर आवाज करतात. त्यामुळे पाहणी जेवणाच्या सुट्टीत करा, मशीन बंद पण हेडरमध्ये (हवेच्या मुख्य पाइपमध्ये) प्रेशर कायम. पीक होल्डही (सर्वात मोठा आवाज स्क्रीनवर धरून ठेवणारं सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टचा क्षणभराचा आवाज स्क्रीनवर चिकटून राहतो आणि गळतीसारखा दिसतो.

माइक_६४
भिंतीवरचा डाग म्हणजे परावर्तन. पत्रा, काच, काँक्रीटची फरशी हे सगळे अल्ट्रासाउंडला आरशासारखे. दोन पावलं बाजूला सरका. खरी गळती फिटिंगला चिकटून राहते, परावर्तनाचा डाग भिंतीवरून तुमच्यासोबत सरकतो. शंका उरली तर संशयित फिटिंगवर जाड कापड गुंडाळा, भिंतीवरचा डागही मंदावेल.

भोवतीचे बारके डाग माइकच्या मांडणीतून येतात. ३० किलोहर्ट्झला दोन माइकमध्ये ६ मिलीमीटरपेक्षा कमी अंतर लागेल, आणि ६४ माइक इतके दाट बसवले तर तबकडी फारच लहान होते. म्हणून ते वेडेवाकडे पसरतात, आणि खोटे डाग पुसट होतात पण जात नाहीत. डायनॅमिक रेंज ऑटोवरून काढून ४ डेसिबलवर ठेवा, ते गायब होतील. मात्र त्याच सेटिंगला मोठ्या गळतीशेजारची छोटी गळतीही लपते. मोठी आधी बंद करा, मग रेंज ८-१० वर नेऊन पुन्हा बघा.

हवा_आणि_वीज
४ आणि ९ चा घोळ अंतरामुळे. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल घटतो. सॉफ्टवेअर तुम्ही भरलेल्या आकड्यावरून उलटा हिशेब करतं. तुम्ही अडीच मीटरवर उभे आणि स्क्रीनवर ५, तर गळती फुगून दिसणार. दर वेळी अंतर मोजून भरा. तरीही सीएफएमचा आकडा अंदाजच समजा. आवाज छिद्राच्या आकारावरही अवलंबून असतो, तेव्हा तो फक्त आधी काय दुरुस्त करायचं हे ठरवायला वापरा.

प्रेसशॉप_मेंटेनन्स
अंतर खरंच ५ वरच राहिलं होतं. काढून ठेवलेल्या फोटोंवर आता बँड बदलता येईल का?

माइक_६४
हातातल्या बऱ्याच मॉडेलांत नाही. फोटोत रंग छापलेले असतात, माइकचा सिग्नल नसतो. तुमच्या मेन्यूत कच्चा सिग्नल साठवायचा पर्याय असेल तर १० सेकंदांचे तुकडे घ्या. ६४ माइक, ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, २४ बिट म्हणजे सेकंदाला १८ एमबी, मिनिटाला १ जीबीच्या वर. कार्ड लगेच भरतं.

हवा_आणि_वीज
रिपोर्ट काढण्याआधी खर्चाचं पान उघडा. चलन, विजेचा दर, वर्षाचे तास तिथे आधीच भरून ठेवलेले असतात, ते तुमचे नसतात. १०० सीएफएम हवा बनवायला कॉम्प्रेसरला १८ ते २० किलोवॉट धरा. वर्षाला ८,००० तास चालणाऱ्या लाइनवर १० सीएफएमची गळती म्हणजे १४,००० ते १६,००० युनिट. पण कॉम्प्रेसर फिक्स्ड स्पीडचा असेल तर एवढी बचत बिलात दिसणार नाही, कारण अनलोडमध्येही (मोटर फिरते पण हवा बनत नाही तेव्हा) तो फुल लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातो. गळती बंद करण्याआधी आणि नंतर लोड-अनलोडचे तास लिहून ठेवा, आणि रिपोर्टमध्ये तोच आकडा द्या.